बर्निसला घेऊन ये

आर्डिस फेल्ट्झच्या डाव्या हाताची करंगळी अर्धीच आहे. उरलेली अर्धी १९७६ साली दारांच्या कारखान्यातल्या पॉलिशच्या पट्ट्याने खाल्ली. दवाखान्यातून परत आली तेव्हा कंपनीने तिला परस्पर पगाराच्या खिडकीमागे बसवलं. "इथे बोटं कमी लागतात," असं ती स्वतःच सगळ्यांना सांगायची, म्हणजे कुणाला हळहळायला जागाच उरायची नाही. त्या खिडकीमागे ती पुढची अडतीस वर्षं बसली आणि अल्डरबेंड गावातल्या तीनशे माणसांच्या म्हातारपणाची काळजी, कुणीही सांगितलेली नसताना, स्वतःच्या डोक्यावर घेऊन बसली.

आता कुणी म्हणेल, पगारखात्यातल्या बाईला एवढं काय पडलं होतं? पडलं होतं, त्याला कारण होतं. तिचा बाप गावातल्या बिअरच्या कारखान्यात एकतीस वर्षं पिंपं धूत होता. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना कारखाना बंद पडला आणि पेन्शन म्हणून जे कबूल केलं होतं ते कागदावरच राहिलं. मालक गेला फ्लोरिडाला. आर्डिसचा बाप चर्चमध्ये झाडू मारायला लागला, तो चौऱ्याहत्तराव्या वर्षापर्यंत मारत होता. बर्फाच्या दिवसांत पहाटे चर्चच्या पायऱ्या साफ करणारा बाप तिने पाहिला होता, आणि हे असं कुणाचंही पाहायचं नाही असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

म्हणून १९८६ साली कंपनीने निवृत्तीचं ते नवीन खातं आणलं, फोर-ओ-वन-के म्हणतात ते, तेव्हा आर्डिसने त्याची माहितीपुस्तिका रविवारी दुपारी बसून दोनदा वाचून काढली. गोष्ट साधी होती. पगार हातात पडायच्या आधीच त्यातला थोडा हिस्सा कापायचा, कंपनीने त्यात आपला थोडा घालायचा, आणि दर दुसऱ्या शुक्रवारी ते पैसे बाजारात गुंतवायचे. बाजार वर असो की खाली, हात लावायचा नाही. मालक फ्लोरिडाला पळाला तरी हे पैसे त्याला नेता येणार नाहीत, हे वाक्य तिला सगळ्यात जास्त आवडलं.

ते समजावून सांगायला शहरातून एक टाय लावलेला तरुण आला होता. त्याने पडद्यावर चित्रं दाखवली, आलेख दाखवले, तास घेतला. दोनशे ऐंशी माणसांपैकी सह्या केल्या चौघांनी, त्यातले दोघे ऑफिसातले. कारखान्यातली माणसं हाताची घडी घालून बसली होती. पगार कापून घेणारा माणूस गोड बोलायला लागला की खिशावर हात ठेवावा, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

आर्डिसने मग आपला रस्ता काढला. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू व्हायच्या आदल्या शुक्रवारी कारखाना दुपारीच सुटतो. त्या दिवशी कुणाचं कामात लक्ष नसतं. बंदुका गाडीत, थर्मास गाडीत, मन तर गुरुवारपासूनच जंगलात. आणि पगाराचा चेक घेतल्याशिवाय तर कुणी जाऊ शकत नाही. आर्डिसने खिडकीसमोर टेबल मांडलं, त्यावर विजेच्या भांड्यात हरणाच्या मटणाची सॉसेजं रटरटत ठेवली, आणि चेकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसली. आधी फॉर्म, मग सॉसेज, मग चेक. सही करायची सक्ती नव्हती, पण फॉर्म वाचून दाखवल्याशिवाय ती चेक सोडायची नाही.

"हे ओलीस धरणं झालं, आर्डिस," एल्डन शुल्फर म्हणाला. एल्डन चौकटी जोडायच्या विभागात होता, अडतीस वर्षांचा, उंच, आणि कारखान्यातला सगळ्यात फटकळ माणूस.

"मग पोलिसांना बोलाव. तोवर सॉसेज खा."

"माझे पैसे मला दिसणार नाहीत, हात लावता येणार नाही, आणि साठीनंतर मिळतील. हे कंपनीने सांगायचं आणि मी ऐकायचं? मी काय आज जन्मलो?"

"तुझे पैसे असेही तुला दिसत नाहीत, एल्डन. शुक्रवारी मी देते आणि शनिवारी बारवाला घेतो. मला फक्त मधल्या मध्ये थोडे काढायचेत."

मागची रांग खदखदली. एल्डनला ते लागलं. तो म्हणाला, ठीक आहे, रविवारी दुपारच्या आत मला शिंगाळं हरीण मिळालं तर सोमवारी येऊन सही करतो. तीन वर्षं त्याला खार म्हणून मिळाली नव्हती, त्यामुळे पैज त्याला फार सुरक्षित वाटली होती. रविवारी सकाळी अकरा वाजता तो गाडीच्या मागच्या फळीवर बसून सँडविच खात होता आणि आठ टोकांची शिंगं असलेलं एक हरीण झाडीतून बाहेर येऊन त्याच्याकडे बघत उभं राहिलं. सोमवारी त्याने पगारातल्या शंभरातले चार कापायला सही केली. त्याच्याकडे बघून त्याच्या विभागातल्या एकोणीस जणांनी केली.

तेव्हापासून तो शुक्रवार म्हणजे आर्डिसचा फॉर्मचा दिवस झाला. दर वर्षी ज्याचा पगार वाढेल त्याने वाढीतून पगाराचा आणखी एक टक्का तिकडे वळवायचा, असा तिचा आग्रह. "जे अजून हातात आलंच नाही ते गेलं तर कळत नाही," ती म्हणायची. लोक तिची टिंगल करायचे, तिला आई म्हणायचे, सॉसेजात मीठ कमी म्हणायचे, आणि सही करायचे. चाराचे पाच झाले, पाचाचे सहा. एल्डन दोन हजार सालापर्यंत दहावर गेला होता.

आता यात एक माणूस होतं ज्याला कुणी काही विचारलं नव्हतं. ते म्हणजे एल्डनची बायको बर्निस. बर्निस शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. घर चालवायचं तिने, आणि दर नोव्हेंबरात घरात येणारा पगार थोडासा आखडायचा तो तिच्या हातात. तिने बटाट्यांचे जेवढे प्रकार केले तेवढे कुणी केले नसतील. वर्तमानपत्रातली सवलतीची कुपनं कापायची, मुलाचा कोट भाच्याला आणि भाच्याचा शेजारच्याला, पडदे स्वतः शिवलेले. ती भांडकुदळ नव्हती. पण चर्चमध्ये आर्डिस समोर आली की ती मान हलवायची तेवढीच, आणि मैत्रिणींत तिचा उल्लेख "ती फॉर्मवाली" असा करायची. आर्डिसला हे माहीत होतं. तिला त्याचं वाईटही वाटायचं, पण बापाच्या हातातला झाडू आठवला की वाईट वाटणं मागे पडायचं.

मग २००८ आलं. त्या वर्षाबद्दल काय सांगायचं? बाजार कोसळला, घरांच्या किमती कोसळल्या, दारं कुणाला हवी होती? कारखाना आठवड्याचे चार दिवस चालायला लागला. खात्याच्या हिशेबाची पाकिटं दर तीन महिन्यांनी यायची. आर्डिस ती वाटायची आणि खिडकीमागे बसून लोक ती फाडताना ऐकायची. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. एल्डनच्या खात्यात एक लाख बेचाळीस हजार डॉलर होते, ते पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंत ब्याऐंशी हजारांवर आले.

त्यातच कंपनीच्या वकिलाने तिला बोलावून ताकीद दिली. बाई, तुम्ही फॉर्म द्यायचा, फॉर्म घ्यायचा. मत द्यायचं नाही. कुणाला थांब म्हणाल आणि उद्या आणखी बुडालं तर तो कंपनीवर खटला भरेल. आर्डिसच्या तोंडाला असं कुलूप कधी कुणी लावलं नव्हतं. त्या वर्षीच्या फॉर्मच्या दिवशी लोक आले, चेक घेतले आणि मान खाली घालून गेले. सॉसेजं उरली, ती तिने चर्चच्या जेवणाला दिली. पहिल्यांदाच तिच्या मनात आलं की बिअरवाल्या मालकाने माझ्या बापाचं केलं तेच मी या तीनशे जणांचं केलं की काय. त्याने निदान सॉसेजं खाऊ घालून तरी फसवलं नव्हतं.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी दुपारच्या सुट्टीत एल्डन खिडकीशी आला. एकसष्ट वर्षांचा झाला होता. त्याने टोपी काढली नाही. कागद आत सरकवला. सगळे पैसे काढून घ्यायचा फॉर्म होता.

"शिक्का मार," तो म्हणाला.

त्या कंपनीच्या योजनेत एक अट होती. लग्न झालेल्या माणसाला पैसे काढायचे तर नवऱ्याची किंवा बायकोची संमतीची सही लागते, आणि ती सही नोटरीच्या समोर व्हावी लागते. कारखान्यातली नोटरी आर्डिसच होती. गावातल्या निम्म्या लोकांच्या गाड्या आणि बोटी तिच्याच शिक्क्याने विकल्या गेल्या होत्या. तिने कागद बघितला. खाली बर्निस शुल्फर अशी सही आधीच केलेली होती, एल्डनच्या सहीच्याच निळ्या पेनने, त्याच्याच खडबडीत अक्षरात.

"ही बर्निसने केली?"

"घरी केली. ती येऊ शकत नाही, शाळेत असते."

"समोर करायची असते, एल्डन."

"तू तिला तीस वर्षं ओळखतेस. ती आहे कोण हे तुला पटवायचंय का?" त्याचा आवाज खाली आला. "क्रेगचं घर जातंय. महिनाअखेर लिलाव आहे. दोन लहान मुली आहेत त्याला. माझा एकुलता एक मुलगा आहे तो, आर्डिस. मी काय बघत बसू?"

क्रेग छपरं घालायची कामं करायचा, सात महिने हाताला काम नव्हतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. आर्डिसला मुलं नव्हती. यावर बोलायचा आपल्याला अधिकार नाही असं तिला नेहमीच वाटत आलं होतं.

"असेही ते बुडतायत," एल्डन म्हणाला. "साठ हजार गेले. तुझ्यामुळे गेले. बावीस वर्षं तुझी सॉसेजं खाल्ली, त्याचं बिल मिळालं मला. आता उरलेत तेवढे तरी देशील की नाही?"

हे ऐकून आर्डिसचा हात खरंच शिक्क्याकडे गेला. तिने तो उचललासुद्धा. मारून टाकावा, माणसाचे पैसे माणसाला द्यावेत आणि एकदाचं यातून सुटावं, असं तिला त्या क्षणी मनापासून वाटलं. ती उपदेश करू शकत नव्हती, थांब म्हणू शकत नव्हती, वकिलाने हात बांधले होते, आणि थांब म्हणायची तिची हिंमतही उरली नव्हती. पण खोट्या सहीवर शिक्का? एवढी एक गोष्ट तिला जमेना.

"बर्निसला घेऊन ये," ती म्हणाली. "तिने माझ्यासमोर सही केली की एका मिनिटात मारते. काही विचारणार नाही."

"तू दगड आहेस," एल्डन म्हणाला आणि कागद ओढून घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता ती दोघं आली. बर्निस शाळेतून थेट आली होती, डोक्यावर जाळी तशीच, कोटाच्या खाली पांढरा एप्रन. एल्डनने तिला वाटेत गाडीत सांगितलं असावं, तेही अर्धंमुर्धं. ती खुर्चीत बसली, पर्समधून पेन काढून हातात धरलं आणि म्हणाली, "कुठे करायची?"

"आधी लायसन्स दाखव," आर्डिस म्हणाली.

"काय?"

"गाडीचं लायसन्स. नियम आहे."

"अगं बाई, माझ्या लग्नात तू केक कापायला होतीस."

"तरी दाखव, बर्निस."

बर्निसने लायसन्स टेबलावर आपटलं. आर्डिसने नंबर वहीत उतरवून घेतला. मग नोटरीला विचारावंच लागतं ते तिने विचारलं. हजार वेळा विचारलं होतं, बोटीसाठी, गाडीसाठी, कशाकशासाठी, आणि कुणी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं.

"हा कागद काय आहे ते तुला माहीत आहे का? आणि तू स्वखुशीने सही करते आहेस का?"

बर्निसने पेनचं टोपण काढलं होतं. ती तशीच थांबली.

"काय म्हणालीस?"

"तुला माहीत आहे का, आणि तुझी खुशी आहे का."

"हो म्हण," एल्डन म्हणाला.

"थांब जरा." बर्निसने पेन खाली ठेवलं. "मला माहीत नाही. वाचून दाखव."

मत द्यायला बंदी होती, वाचून दाखवायला नव्हती. आर्डिसने फॉर्म पहिल्या ओळीपासून वाचला. खात्यात किती आहेत, कर किती कापला जाईल, हातात किती पडतील. हातात पासष्ट हजार पडणार होते. त्यानंतर खात्यात काही उरणार नव्हतं. तेही तिने वाचलं, कारण तेही छापलेलं होतं.

"हे सगळे दिले की क्रेगचं घर वाचेल?" बर्निसने नवऱ्याला विचारलं.

"थकलेले हप्ते फिटतील. पुढचं वर्षभर निघेल."

"आणि मग?"

"मग काम मिळेल त्याला."

"छपरांचं? नवीन घर कोण बांधतंय, एल्डन?" ती शांतपणे बोलत होती, शाळेत पोरांना दुसऱ्यांदा वाढायला नाही म्हणताना बोलत असेल तशी. "आणि आपलं काय? तुझे गुडघे आत्ताच बोलतात. मी बासष्टाव्या वर्षी मोठमोठी पातेली उचलते. आपण क्रेगच्या दारात जाऊन बसायचं? त्या दारात, जे वर्षाने बँक नेणार आहे?"

"तो आपला मुलगा आहे."

"माझ्याच पोटचा आहे, मला सांगू नकोस." मग तिने आर्डिसकडे बघितलं. "हे पैसे जात होते तेव्हा मला कुणी विचारलं नाही. तू याला सॉसेज खाऊ घातलंस, हा हरीण मारून आला आणि सही करून मोकळा झाला. बावीस वर्षं मी बटाटे उकडले. मी थंडीत घरातला हीटर कमी करून स्वेटर घालून बसले. यातला निम्मा पैसा माझ्या स्वयंपाकघरातून गेलाय. आणि आज पहिल्यांदा कुणीतरी मला विचारतंय की बाई, तुझी खुशी आहे का."

तिने फॉर्म आर्डिसकडे परत सरकवला.

"नाही," बर्निस म्हणाली. "माझी खुशी नाही. क्रेगला सांग, आपल्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. पोरींना घेऊन ये म्हणावं. जेवायला घालीन, जन्मभर घालीन. पण सही करणार नाही."

तिने लायसन्स उचललं, पेनला टोपण लावलं आणि बाहेर गाडीत जाऊन बसली. एल्डन टेबलाशी उभा होता. चेहरा लाल झाला होता.

"झालं तुझं समाधान?" तो आर्डिसला म्हणाला.

आर्डिसचं समाधान कसलं होतंय. क्रेगचं घर महिनाअखेर गेलं. तो, त्याची बायको आणि दोन मुली एल्डनच्या वरच्या मजल्यावर राहायला आले आणि चौदा महिने राहिले. एका न्हाणीघरात सहा माणसं. क्रेगची बायको चर्चमध्ये सासूच्या शेजारी बसायची नाही. एल्डन घरात कामापुरतं बोलायचा, आणि आर्डिसशी तर तेवढंही नाही. पगाराचा चेक घ्यायलासुद्धा तो दुसऱ्या कुणाला पाठवायचा. बर्निसने आपला शब्द पाळला, सहा माणसांना जेवायला घातलं, नातींच्या वेण्या घातल्या, आणि आपण चूक केली की बरोबर हे कुणालाही विचारलं नाही. विचारायला होतंच कोण?

पण यात एक मजा झाली, आणि ही मजा एल्डनलाही कळली नाही. चिडलेल्या माणसाने खरं तर पहिलं काम हे करायला हवं होतं की पगारातून पैसे कापणं बंद करायचं. त्यासाठी एक फॉर्म लागतो. तो फॉर्म आर्डिसच्या खिडकीवर मिळतो. आणि त्या खिडकीवर मेलो तरी जाणार नाही, अशी त्याने शपथ घेतली होती. त्यामुळे दर दुसऱ्या शुक्रवारी त्याचे पैसे कापले जात राहिले आणि सगळी दुनिया शेअर विकत होती तेव्हा एल्डन शुल्फर निव्वळ रागापायी मातीमोल भावात विकत घेत राहिला. आर्डिसला हे दर पंधरा दिवसांनी दिसायचं. ती एक अक्षर बोलली नाही. अधूनमधून देवाचे आभार मानायची की या माणसाचा राग चांगला टिकाऊ आहे.

कारखाना पुन्हा पाच दिवसांवर आला. क्रेगला पुलांच्या कामावर नोकरी लागली आणि तो भाड्याच्या घरात गेला. वर्षं गेली. एल्डनने २०१४ च्या मे महिन्यात निवृत्त व्हायचं ठरवलं होतं. मार्चमध्ये, चौकटी रचत असताना, त्याचा उजवा हात लुळा पडला आणि तो जमिनीवर कोसळला.

तीन आठवड्यांनी तो घरी आला. पाय ओढत चालायचा. बोलणं सगळं कळायचं, पण शब्द सापडायला वेळ लागायचा. सापडला की एक एक बाहेर यायचा. कामावर परतायचा प्रश्नच नव्हता. शाळेची नोकरी बर्निसने आदल्या वर्षी सोडली होती, आणि आता ती असती तरी सोडावी लागली असती.

एप्रिलमधल्या एका शनिवारी दुपारी आर्डिस त्यांच्या घरी गेली. तिची स्वतःची निवृत्ती त्याच महिन्यात होती, आणि हे काम तिला दुसऱ्या कुणाकडे द्यायचं नव्हतं. ती पाच वर्षांनी त्या दारात उभी होती. बर्निसने दार उघडलं आणि म्हणाली, "ये. बूट तिथेच काढ, फरशी आत्ता पुसलीय."

एल्डन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला होता. बर्निसने शेगडीवर सूप ठेवलं होतं. आर्डिसने फॉर्म काढला. दर महिन्याला ठरावीक रक्कम घरी येईल असा तो फॉर्म होता, आणि त्यालाही बायकोची सही लागत होती.

"खात्यात किती आहेत ते आधी सांग," बर्निस म्हणाली.

"दोन लाख एकतीस हजार."

"पुन्हा सांग."

आर्डिसने पुन्हा सांगितलं. बर्निसने एप्रनला हात पुसले, मग पुसलेले हात पुन्हा पुसले. सरकारी पेन्शनसोबत महिन्याला किती येतील ते आर्डिसने सांगितलं. घरी व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईचे पैसे त्यातून निघणार होते, घर विकायची गरज नव्हती, आणि जिन्याला कठडा बसवता येणार होता. बर्निसने लायसन्स न मागता पुढे ठेवलं. आर्डिसने विचारायचं ते विचारलं, बर्निसने हो म्हटलं आणि सही केली. शिक्का बसला. आर्डिस सामान पिशवीत भरायला लागली.

तेव्हा एल्डनने डाव्या हाताने टेबलावर थाप मारली. त्याला बोलायचं होतं. दोघी थांबल्या.

"त्या... दिवशी," तो म्हणाला.

बर्निसचा चेहरा उतरला. ती शेगडीकडे वळली आणि सूप ढवळायला लागली. पाच वर्षं या घरात तो दिवस कुणी काढला नव्हता. आता माणसाला बोलायला शब्द मोजके उरलेत आणि त्यातले तो यावर खर्च करणार, म्हणजे मनात किती साचलं असेल. ऐकून घ्यायचं, एवढंच आता तिच्या हातात होतं. आर्डिसलाही वाटलं, आपण जायला हवं होतं.

"तू... नाही... म्हणालीस."

"हो. म्हणाले," बर्निस पाठमोरीच म्हणाली.

एल्डनने डोळे मिटले. शब्द कुठेतरी खोल होता आणि तो त्याला ओढून काढत होता. कपाळावर घाम आला.

"मी... म्हटलं... नाही. कधी." मग बराच वेळ गेला. "बरं... केलंस. बर्निस. उपकार... झाले."

बर्निसच्या हातातला डाव तसाच राहिला. मग ती हळूच खाली बसली, शेगडीजवळच्या लहान स्टुलावर, एप्रन तोंडाला लावून, आणि रडायला लागली. घर गेलं त्या दिवशी ती रडली नव्हती, सुनेने तोंड फिरवलं तेव्हा नाही, दवाखान्यातही नाही. पाच वर्षं ती रोज सकाळी उठून स्वतःला विचारत होती की तू आई आहेस की कोण आहेस, आणि ते विचारणं आज कुठे थांबलं होतं. एल्डनने चांगला हात तिच्याकडे लांब केला होता. तो तिच्यापर्यंत पोचत नव्हता, तरी त्याने मागे घेतला नाही.

आर्डिसला आपला बाप आठवला नाही, सॉसेजं आठवली नाहीत, काहीच आठवलं नाही. या स्वयंपाकघरात आपल्याला बसू दिलं, एवढ्याबद्दलच तिला कृतज्ञ वाटत होतं. सूप उतू जात होतं. तिने उठून शेगडी बंद केली, फडताळं उघडून बघत बघत वाडगे शोधले, आणि तिघांसाठी टेबल मांडलं.